बंद खोलीतून गेलेलं सील

१

बाहेरचं कुलूप शाबूत, कुलपावरची लाख शाबूत, लाखेखालच्या कागदी पट्टीवरच्या सह्याही जिथल्या तिथे. आणि आतल्या एका पेटीवरचं सील मात्र गायब.

ही बातमी आली तेव्हा मोठ्या बाई गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण निवृत्ती काही त्यांना मानवली नव्हती. घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. घंटा मिनिटभर उशिरा झाली तरी बाई घरात बसून शिपायावर चिडत.

"बाई, जरा शाळेत येता का?" खालून पोलिसाने हाक मारली. "निवडणूक अधिकाऱ्यांनी बोलावलंय."

"मी परवाच मत देऊन आले."

"मताचं नाही, बाई. तुमच्या जावयाचं आहे."

बाईंनी हातातली ओली चादर पुन्हा बादलीत टाकली.

प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात चार माणसं एकमेकांकडे न बघता उभी होती. निवडणूक अधिकारी तरुण होता आणि सकाळपासून आणखी तरुण, म्हणजे जवळजवळ रडकुंडीला आलेला दिसत होता. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. मतदानाच्या संध्याकाळी गावातली सगळी मतदान यंत्रं आपापल्या पेट्यांत घालून या प्रयोगशाळेत आणली होती. प्रत्येक पेटीच्या कडीला सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाख, लाखेवर त्या केंद्राच्या प्रमुखाचा पितळी शिक्का. खिडक्या पत्रे ठोकून बंद केल्या, दाराला कुलूप घातलं, त्यावर पुन्हा सील. दारात अखंड पहारा. आज मोजणीसाठी सगळ्यांच्या देखत दार उघडलं.

"आणि प्राथमिक शाळेच्या केंद्राची पेटी आहे ना, तिच्या गाठीवर सीलच नाही. तुटलेलं नाही, पडलेलं नाही. नाहीच!"

त्या केंद्राची प्रमुख म्हणून बाईंची मुलगी बेबी गेली होती. ती प्राथमिक शाळेत हंगामी शिक्षिका होती आणि कायम होण्याची तिची ऑर्डर याच महिन्यात यायची होती. पण तिने पेटी सीलसकट जमा केली होती, दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींनी ते सील डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथून पुढे जबाबदारी होती खोलीच्या राखणदाराची. आणि तो राखणदार, नगरपालिकेतला स्टोअरकीपर, म्हणजे बेबीचा नवरा, बाईंचा जावई.

जावई भिंतीला टेकून उभा होता. सासूबाईंना बघून त्याने मान खाली घातली.

"दुपारपर्यंत मला वर कळवायचं आहे," अधिकारी म्हणाला. "दोन्ही प्रतिनिधींची खात्री पटली तर मोजणी होईल. नाही पटली, तर गावभर फेरमतदान, आणि यांचं आजच निलंबन. पोलीस केसही होईल."

"मग त्यात मी कशाला?"

यावर एक प्रतिनिधी पुढे झाला. त्याची ड्रायव्हिंग स्कूल होती, गाव त्याला क्लच म्हणायचं. शाळेत असताना बाईंच्या हातची छडी त्याने सगळ्यांत जास्त खाल्ली होती. "मीच म्हटलं बाईंना बोलवा. बाहेरचा माणूस आणला तर समोरच्या उमेदवाराचे लोक त्याला पटवतील. बाई कुणाला पटत नाहीत."

"आणि जावई?" बाईंनी विचारलं.

"तुमचं जावयाबद्दलचं मत सगळ्या गावाला माहीत आहे, बाई," क्लच म्हणाला. "तुम्ही त्याला सोडणार नाही, म्हणूनच तर बोलावलं."

कुणीच हसलं नाही, कारण ते खरं होतं.

२

बाई आत गेल्या आणि दारातच थबकल्या. भट्टीचं झाकण काढावं तशी गरम हवा अंगावर आली.

"परवा संध्याकाळपासून बंद आहे ना," मागून पहारेकरी म्हणाला. "वर पत्रा, खिडक्यांना पत्रा. दुपारी आम्हाला बाहेर बसवत नव्हतं, आतलं तर विचारूच नका."

जिथे मुलांना आम्ल आणि अल्कली शिकवायचे त्या ओट्यांवर पेट्यांच्या रांगा होत्या. बाईंनी एकेक सील नीट बघितलं. लाख त्यांच्या रोजच्या ओळखीची. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे आयुष्यभर सील केले होते त्यांनी. मेणबत्तीवर कांडी धरायची, थेंब पाडायचे, शिक्का ओला करून दाबायचा. कितीही जपलं तरी लाखेत थोडी काजळी येतेच. इथेही प्रत्येक सील काळपट लाल होतं, आत काजळीच्या रेघा, कडांना बारीक चिरा.

प्राथमिक शाळेची पेटी पश्चिमेच्या खिडकीला लागून होती. सुतळीची गाठ घट्ट होती, कुणी सोडल्याची खूण नव्हती. फक्त गाठ उघडी होती. बाईंनी चष्मा वर करून डोळा जवळ नेला. सुतळी गुलाबी पडली होती आणि तेल लावल्यासारखी गुळगुळीत दिसत होती.

मग त्यांनी खाली पाहिलं. लाख काढायची तर फोडावी लागते, आणि फोडली की तिचे कण कुठे कुठे उडतात हे त्यांनी आयुष्यभर झाडून काढलं होतं. इथे कण नव्हता. ओट्याखालच्या फरशीवर तळहाताएवढा फिकट लाल डाग तेवढा होता, कुणीतरी घाईघाईने पुसल्यासारखा.

"सकाळी आत पहिलं कोण आलं?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"राखणदार साहेबच. तशीच पद्धत आहे. खिडक्या बंद, आत काळोख. त्यांनी टॉर्च घेऊन आत जायचं, दिवा लावायचा, मग बाकीच्यांनी उंबरठा ओलांडायचा."

"मग लावला दिवा?"

"लावला की. जरा वेळ लागला. बटण सापडेना म्हणाले."

बाईंनी बटणाकडे पाहिलं. ते दाराच्या चौकटीला लागून, हाताच्या अंतरावर होतं. निवडणुकीच्या तयारीसाठी जावई महिनाभर या खोलीत ये-जा करत होता. मुलीच्या घरी आपण जेवायला गेलो की मीठ कुठे आहे ते मुलीला सापडायचं नाही, जावयाला सापडायचं. आणि त्याच माणसाला आज चौकटीजवळचं बटण सापडलं नाही.

३

प्रतिनिधींशी त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून बोलल्या. आधी क्लच.

"पेटी उघडा की," बाई म्हणाल्या. "आतल्या यंत्रावरही कागदी पट्टी असते ना, तुमच्या माणसाच्या सहीची? ती फाटली नसेल तर यंत्राला कुणी हात लावलेला नाही. मिटलं."

"अजिबात नाही," क्लच म्हणाला. "सील नसलेली पेटी मी उघडू दिली की उद्या म्हणणार, पट्टी बदलली तेव्हा तुम्ही हजर होता. आधी सील कुठे गेलं ते सांगा, मग पेटी. मला माझ्या उमेदवाराला तोंड दाखवायचंय, बाई."

"उमेदवार हरणार अशी भीती आहे का रे तुला?"

क्लचने जीभ चावली. "त्या वस्तीत आम्ही कमजोर आहोत. खोटं कशाला बोलू? पण चोरी ती चोरीच."

एवढं खरं बोलतो म्हणजे याने काही केलेलं नसावं, असं बाईंना वाटलं. शाळेत असतानाही त्याला खोटं बोलता यायचं नाही, म्हणून तर छड्या जास्त बसल्या.

दुसरा प्रतिनिधी होता केमिस्ट. त्याचा उमेदवार जिंकणार अशी गावात हवा होती, त्यामुळे त्याला मोजणीची घाई होती. काल संध्याकाळी तो पहारेकऱ्यांसाठी थर्मासभर चहा घेऊन आला होता, आणि क्लचच्या मते सगळं काळंबेरं त्या चहातच होतं.

"चहा दिला म्हणून भिंतीतून आरपार जाता येतं का?" केमिस्ट वैतागला होता. "दाराच्या पट्टीवर माझीही सही आहे, त्याचीही आहे. दोन्ही शाबूत. मला काय जादू येते?"

"ते सोड. पेटी जमा झाली तेव्हा सील तू पाहिलंस ना?"

"पाहिलं म्हणजे? नीट लक्षात आहे. सगळ्यांत देखणं सील तेच होतं. लालभडक, एक काळा डाग नाही, शिक्क्यातलं अक्षर न् अक्षर उठलेलं. मी म्हटलं सुद्धा, बेबीताईंचं काम म्हणजे काम."

बाईंना एरवी लेकीचं कौतुक ऐकायला फार आवडायचं. आज त्या बाकावरून उठल्या.

"बाई, काय झालं?"

"काही नाही. जावयाला स्टाफरूममध्ये पाठवून दे."

४

या लग्नाला बाईंचा विरोध नव्हता, फक्त उत्साह नव्हता. मुलगी हुशार, धडपडी, आणि जावई स्टोअरकीपर. खिळे, बल्ब, फिनेल मोजणारा. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. आपली लेक त्या घराचा गाडा एकटी ओढते असं बाईंना बारा वर्षं वाटत आलं होतं, आणि जे वाटतं ते बोलून दाखवायची त्यांची सवय गावाला ठाऊकच होती. एक गोष्ट मात्र त्या मान्य करत. माणूस टापटिपीचा होता. इस्त्री केलेला पांढरा रुमाल रोज खिशात.

आताही खिशातून रुमालाचं टोक दिसत होतं. आणि जावई कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीने पुसत होता.

"बटण का सापडलं नाही, जावईबापू?"

"गडबडीत नाही सापडलं, आई."

"बरं. घाम पुसा."

त्याने पुन्हा बाही वर नेली.

"रुमालाने."

बाईंनी टेबलावर हात पसरला. अशा पसरलेल्या हातावर पोरांनी वर्षानुवर्षं गोट्या, चिठ्ठ्या, एकदा तर जिवंत बेडूक ठेवला होता. त्या हाताला नाही म्हणणं अजून कुणाला जमलं नव्हतं. जावयाने रुमाल काढून ठेवला.

पांढऱ्या कापडावर लाल डाग होता. घडीच्या आत एक चपटा झालेला लाल गोळा होता, आणि त्यावर पितळी शिक्क्याची अर्धीमुर्धी अक्षरं.

"हे सील," बाई म्हणाल्या.

"हो." त्याचा आवाज शांत होता. "मीच काढलं. साहेबांना असंच सांगा. मी सही करून देतो."

"का काढलंत?"

"ते विचारू नका. शिक्षा काय व्हायची ती माझी मला होऊ दे. तुम्हाला तरी कुठे वेगळं वाटलं असतं माझ्याबद्दल?"

हे शेवटचं वाक्य बाईंना लागलं. पण त्यांचं अर्धं लक्ष गोळ्याकडे होतं. त्यांनी त्यावर अंगठ्याचं नख टेकवून हलकेच दाबलं, आणि रुमालाची घडी करून तो आपल्याकडे घेतला.

"कुठे जाऊ नका," त्या उठत म्हणाल्या. "आणि कशावरही सही करू नका. मी बेबीला भेटून येते."

जावई खुर्चीतून अर्धवट उठला. त्या सकाळी पहिल्यांदा तो घाबरलेला दिसला.

"आई, तिला यात ओढू नका!"

५

प्राथमिक शाळा मैदानापलीकडे होती. मतदान झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच वर्ग पुन्हा सुरू झाले होते. बेबीचा वर्ग तोच, जिथे मतदान केंद्र होतं. मुलं पाढे म्हणत होती आणि मतदानाच्या खोलीची एकच खूण उरली होती, भिंतीवर चिकटवलेला बाण.

दोरीवर मुलांनी काल काढलेली चित्रं टांगली होती. विषय बाजार असावा. बाई चित्रांसमोर उभ्या राहिल्या. एका चित्रात टोमॅटो तपकिरी होते. दुसऱ्यात सफरचंदं जांभळी. तिसऱ्यात आगीचा बंब केशरी होता आणि ज्याने काढला त्याचं समाधान झालं नसावं, कारण तो खोडून पुन्हा केशरीच रंगवला होता.

"आई? तू इथे कशी?"

"सहज. हायस्कूलवर गोंधळ चाललाय. एका पेटीवरचं सील नाहीसं झालंय."

बेबीच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. "कुठल्या पेटीवरचं?"

"ते अजून कुणी बोलत नाही," बाई खोटं बोलल्या.

बेबीने मुलांना पाढा पुन्हा म्हणायला सांगितला. मग हळू आवाजात विचारलं, "आई, ती खोली फार तापते का गं?"

सील गेलं म्हटल्यावर माणूस विचारतो, कुणी नेलं. खोली तापते का, असं विचारणारं माणूस जगात एकच असू शकतं.

"मधल्या सुट्टीत तिकडे ये," त्या एवढंच म्हणाल्या.

"ह्यांना काही होणार नाही ना?"

हाही प्रश्न बाईंनी ऐकून घेतला आणि त्या वर्गाबाहेर पडल्या.

मैदानाच्या मधोमध त्या थांबल्या. त्यांना भीती वाटत होती, अगदी साधी, आईला वाटते ती. उष्णतेने लाख वितळली, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. अर्धं खरं. लेकीची नोकरी वाचली असती, जावयाचीही कदाचित. क्लचने विचारलं असतं, मग बाकीच्यांची लाख का नाही वितळली? त्यालाही काहीतरी ठोकून देता आलं असतं. बाईंचा शब्द गावात कोण खोडणार होतं?

आणि नेमकी हीच अडचण होती. बाईंचा शब्द कुणी खोडणार नाही म्हणूनच तर त्यांना बोलावलं होतं. अख्ख्या गावाची मतं त्या खोलीत होती. त्या चालू लागल्या.

६

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा सगळे प्रयोगशाळेच्या दारात जमले होते. बेबी धापा टाकत आली आणि नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"राखणदाराने कबुली दिली आहे," बाईंनी सुरुवात केली. "सील मी काढलं म्हणतो."

"झालं तर!" क्लच म्हणाला.

"काही झालेलं नाही. कबुली खोटी आहे. दार बंद असताना आत कुणी गेलं नाही. ते तुमच्याच सह्या सांगतात. म्हणजे त्याने काढलं असेल तर आज सकाळी, काळोखात, तुम्ही दोघं दारात कान टवकारून उभे असताना. लाख गाठीवरून काढायची तर ठोकून फोडावी लागते. आवाज ऐकलात?"

क्लच आणि केमिस्ट दोघांनीही माना हलवल्या. त्या दोघांचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असावी.

"खाली कण नाहीत. गाठीवर चीर नाही. म्हणजे सील कुणी काढलं नाही, ते आपलं आपण गळून पडलं. याने ते टॉर्चच्या उजेडात पाहिलं, उचललं, फरशी पुसली, आणि बटण सापडत नाही म्हणाला. आता मला सांगा, जे आपणहून पडलं ते लपवायचं कशाला? तिथेच ठेवलं असतं तर हा निर्दोष सुटला असता. लपवलं, कारण ते सील कशाचं आहे हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं."

त्यांनी रुमाल उघडला आणि गोळा अधिकाऱ्यापुढे धरला.

"नख लावा."

अधिकाऱ्याने नख लावलं. ते सहज रुतलं.

"लाख फुटते, पण नखाने दबत नाही. ही लाख नाही. लालभडक रंग, काजळीची रेघ नाही, शिक्का सुंदर उठलेला, असं केमिस्ट म्हणाला तेव्हाच मला शंका आली. हा मेणाचा रंगीत खडू आहे. लहान मुलांचा. ज्योतीवर धरला की पटकन वितळतो, वर शिक्काही छान उमटतो. आणि अशा भट्टीत अख्खी दुपार ठेवला की गळून पडतो. प्राथमिक शाळेत काल मुलांनी तपकिरी टोमॅटो काढलेत, कारण वर्गात लाल खडू उरलेला नाही."

सगळ्यांच्या नजरा बेबीकडे वळल्या.

"सील बेबीने केलं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "चूक माझ्या मुलीची आहे."

"आई!" जावई ओरडला. बारा वर्षांत त्याने आवाज चढवलेला बाईंनी ऐकला नव्हता. "तिचं काही नाही यात. साहेब, मी लिहून देतो, मी—"

"तुम्ही जरा थांबा, तुमच्याकडे यायचंच आहे," बाई म्हणाल्या. "बेबी आळशी नाही आणि वेंधळीही नाही. लाख असती तर तिने लाखच लावली असती. खडू शोधत बसली, म्हणजे लाख नव्हती. लाख संपली तर केंद्रप्रमुखाने काय करायचं, साहेब?"

"फोन करायचा," अधिकारी म्हणाला. "गाडी कांडी घेऊन जाते. आणि मग सामानाच्या पिशवीत ती का नव्हती, याची चौकशी होते."

"तिने फोन केला नाही. पिशव्या कोण भरतं?"

जावयाचा चेहरा पांढरा पडत गेला. तो बायकोकडे वळला.

"तुझ्या पिशवीत लाख नव्हती?"

बेबीने मान हलवली.

"शेवटची पिशवी तुझी भरली मी," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "कांड्या कमी पडल्या म्हणून खालून आणायला निघालो. मग मला कुणीतरी हाक मारली... मला वाटलं, तू हौसेने केलंस. लाख नीट चिकटत नाही म्हणून. माझ्याच हातून राहिली?"

"फोन केला असता तर तुमच्या नावावर गेलं असतं," बेबी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि ती ते गिळत होती. "आधीच तुम्हाला सगळे काय काय बोलतात. वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. सील तर सील, लाल तर लाल."

बाईंना तिच्या 'सगळे' या शब्दातलं माणूस कोण ते समजलं.

"म्हणजे हिने ह्याला वाचवायला खडू लावला," केमिस्ट हळूच म्हणाला, "आणि ह्याने हिला वाचवायला तो उचलला."

"आणि दोघांनी मिळून गावाची निवडणूक बुडवत आणली," बाई म्हणाल्या. "क्लच, तुझं सील सापडलं. आता पेटी?"

क्लचने गोळा हातात घेतला, नख लावलं, पुन्हा लावलं. मग मान डोलावली.

सुतळी कापली. झाकण वर झालं. सगळे पुढे वाकले, जावई तेवढा वाकला नाही. यंत्रावरची कागदी पट्टी सरळ, सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड होती. ही आतली पट्टी मात्र बेबीने नियमाप्रमाणे डिंकानेच चिकटवली होती. क्लचने खिशातून चष्मा काढून आपल्या माणसाची सही अक्षर न् अक्षर तपासली, क्रमांक ताडून पाहिला, आणि सरळ झाला.

"आमची हरकत नाही," तो म्हणाला. "मोजा."

७

मोजणी सुरू झाली. आतून आकडे पुकारल्याचा आवाज येत होता. अधिकाऱ्याने कागद लिहून संपवला आणि बाहेर आला. त्याचा चेहरा सकाळपेक्षा बराच माणसात आला होता.

"निलंबन नाही, केस नाही. पण मला दोघांचंही लिहावं लागलं, बाई. ह्यांना लेखी ताकीद. आणि ताईंबद्दलचा शेरा शिक्षण खात्याकडे जाईल." तो बेबीकडे बघून थांबला. "यंदा कायम होणं अवघड दिसतंय. मला खरंच वाईट वाटतं."

"तुम्ही खरं तेच लिहिलंत," बेबी म्हणाली.

थोड्या वेळाने क्लच बाहेर आला. तो कुणाला तरी शोधत होता, बाई दिसल्यावर मात्र त्याला परत आत जावंसं वाटलं. प्राथमिक शाळेच्या पेटीत त्याच्याच उमेदवाराला आघाडी मिळाली होती.

"हीच पेटी बाद करायला निघाला होतास ना रे?" बाईंनी विचारलं.

"हो बाई," तो म्हणाला आणि कान धरला. मग आपण चाळिशीचे झालोय हे आठवून त्याने तो सोडला.

बाकावर तिघं उरली. बाई एका टोकाला, जावई दुसऱ्या टोकाला, मधे बेबी. नवरा-बायको खालच्या आवाजात भांडत होती. चूक माझी, नाही माझी, असं ते भांडण होतं आणि ते संपायचं लक्षण दिसेना.

"तू फोन करायला हवा होतास."

"आणि तुम्ही तो गोळा तिथेच ठेवायला हवा होता."

"पुरे आता," बाई म्हणाल्या.

मग बेबीने आईकडे न बघता विचारलं, "आई, सगळ्यांसमोर माझं नाव घेताना तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं. मैदानात पाय उचलत नव्हता माझा. तुझ्या नोकरीसाठी मी किती नवस बोलले असते, देवावर विश्वास असता तर." पुढचं त्यांना सोपं जाणार नव्हतं. "पण आत गावाची मतं पडली होती. आणि दारात तुझा नवरा तुझ्याऐवजी सुळावर चढायला उभा होता. त्याला खोटं पाडल्याशिवाय त्याला वाचवता येत नव्हतं."

जावई फरशीकडे बघत राहिला.

"बारा वर्षं मला वाटत होतं माझी लेक एकटी पडली आहे," बाई म्हणाल्या. "हे मी तुम्हाला तोंडावर बोलून दाखवलं आहे, जावईबापू. वेळोवेळी. तेव्हा तोंडावरच सांगते, मी चुकले."

जावयाने खिशात हात घातला, रुमाल पुराव्यात गेला आहे हे लक्षात आल्यावर तो हात बाहेर काढला, आणि शेवटी शर्टाच्या बाहीनेच डोळे पुसले. या वेळी बाईंनी त्याला टोकलं नाही.